वीस टक्के परतावा आणि न संपणारी वसुली: दिल्ली–नोएडा पुलाचं प्रकरण

२६ ऑक्टोबर २०१६ रोजी अलाहाबाद उच्च न्यायालयाने यमुनेवरच्या एका आठपदरी पुलाचा टोल बंद केला. दिल्ली आणि नोएडा यांना थेट जोडणारा हा रस्ता ‘डीएनडी’ (दिल्ली–नोएडा डायरेक्ट) म्हणून ओळखला जातो. लांबी सुमारे ९.२ किलोमीटर, बांधकामाचा खर्च सुमारे ४०८ कोटी रुपये, वाहतूक सुरू झाली फेब्रुवारी २००१ मध्ये. निकालाच्या दिवशी टोलवसुलीला पंधरा वर्षं होऊन गेली होती. तरीही करारातल्या हिशेबाप्रमाणे लोकांकडून अजून वसूल करायची रक्कम मूळ खर्चाच्या कित्येक पट होती, आणि ती वर्षागणिक फुगत होती.

सरकारी पैशातून रस्ते बांधावेत की खासगी भांडवलातून, हा वाद आपल्याकडे बहुतेक वेळा ‘टोल हवा की नको’ एवढ्यावरच येऊन थांबतो. या पुलाच्या बाबतीत टोल हा आजाराचा बाहेर दिसणारा भाग होता. मुळातली गोष्ट वेगळी होती: वाहतूक अंदाजापेक्षा कमी निघाली तर तोटा कोणी सोसायचा? करार वाचला की उत्तर मिळतं, आणि ते उत्तर अस्वस्थ करणारं आहे. म्हणून हे प्रकरण इथे सविस्तर मांडतो. व्यक्तींची, प्रवर्तक वित्तसंस्थेची आणि टोल कंपनीची नावं मुद्दाम घेतलेली नाहीत. निर्णय कसे झाले, ते नावांशिवायही नीट कळतं.

पार्श्वभूमी

नोएडा हे उत्तर प्रदेशात १९७६ साली नियोजन करून वसवायला घेतलेलं औद्योगिक शहर. नव्वदच्या दशकापर्यंत तिथे राहायचं आणि दिल्लीत नोकरीला जायचं, किंवा याच्या उलट, असा रोजचा प्रवास करणारे खूप झाले होते. मध्ये यमुना. ओलांडायची तर निजामुद्दीनचा पूल किंवा ओखला बंधाऱ्यावरून कालिंदी कुंजचा रस्ता. दोन्ही टोलमुक्त, दोन्ही गच्च भरलेले. दक्षिण दिल्लीतून निघणाऱ्याला तर दोन्हीकडून वळसाच पडायचा. मधोमध एक नवा पूल हवा, याबद्दल कोणाचंच दुमत नव्हतं.

पैसे मात्र नव्हते. १९९१ च्या परकीय चलनसंकटानंतर केंद्राने आणि राज्यांनी भांडवली खर्चाला कात्री लावली होती. रस्त्यांत खासगी पैसा आणायचा, ही कल्पना देशात नवीन होती. राष्ट्रीय महामार्गांवर खासगी गुंतवणुकीची वाट कायद्यात बदल करून मोकळी झाली ती १९९५ मध्ये. त्याच्या तीन वर्षं आधी, एप्रिल १९९२ मध्ये, दिल्ली प्रशासन, नोएडा प्राधिकरण आणि एक पायाभूत सुविधा वित्तसंस्था यांच्यात या पुलासाठी सामंजस्य करार झाला. या क्षेत्रात कोणाकडेच अनुभव नव्हता, हे पुढचं सगळं वाचताना ध्यानात ठेवायला हवं.

वित्तसंस्थेच्या भागधारकांत सरकारी बँका होत्या. त्यामुळे ती पुरती खासगी वाटत नसे. ‘आपलीच संस्था आहे’ या भावनेने पुढची बरीच दारं विनाचौकशी उघडली असावीत, असं मला वाटतं. प्रकल्प आखणारी तीच, पैशाची मांडणी करणारी तीच, आणि १९९६ मध्ये पुलासाठी स्वतंत्र कंपनी काढणारीही तीच. नोव्हेंबर १९९७ मध्ये प्राधिकरण, वित्तसंस्था आणि ही नवी कंपनी यांच्यात तीस वर्षांचा सवलत करार झाला. कंपनीने पूल बांधायचा, चालवायचा, टोल घ्यायचा आणि मुदत संपली की परत द्यायचा. जमीन नाममात्र भाड्याने मिळणार होती. निविदा मागवली गेली नाही.

अडचण

पुलावरच्या टोलचं एक जुनं दुखणं आहे. बांधकामाचा खर्च बऱ्यापैकी नेमका सांगता येतो, पण रोज किती गाड्या येतील हे कोणालाच छातीठोकपणे सांगता येत नाही. जवळ फुकटचा रस्ता असेल तर अंदाज आणखी डळमळतो. लोक वेळेची किंमत करतात, पण प्रत्येकाची किंमत वेगळी असते, आणि ती महिन्याच्या अखेरीस आणखी वेगळी असते. सिडनीतल्या क्रॉस सिटी बोगद्याचं उदाहरण बोलकं आहे. ऑगस्ट २००५ मध्ये तो सुरू झाला, वाहतूक अंदाजाच्या आसपासही गेली नाही आणि २००६ च्या डिसेंबरात कंपनी धनकोंच्या ताब्यात गेली. गुंतवणूकदार बुडाले, बोगदा मात्र जागेवर राहिला आणि पुढे दुसऱ्या मालकाने चालवायला घेतला. खासगी भांडवलाने जोखीम उचलली, असं जे म्हणतात ते असं दिसतं.

दिल्ली–नोएडा पुलाच्या कर्जदात्यांना ही भीती होतीच. १९९७ मध्ये कर्जं दोन अंकी व्याजाने मिळत. टोलचा पूर्वानुभव नसलेल्या देशात तीस वर्षांच्या उत्पन्नावर विसंबून कोणी पैसा द्यायचा तर त्याला काहीतरी आधार हवा. मागणी रास्त होती. आधार कसा द्यायचा, यात मात्र सगळं बिघडलं.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय अर्थसंकल्पातून पूल बांधण्याचा. मग टोल नाही, पण शाळा, दवाखाने, वीज यांच्या रांगेत पुलाचा नंबर कधी लागेल ते सांगता येत नव्हतं. शिवाय दोन राज्यांच्या हद्दीतला पूल, त्यामुळे कोणी किती भार उचलायचा हाही घोळ होता. हा पर्याय मागे पडला यात नवल नाही.

दुसरा, प्राधिकरणानेच कर्ज काढून पूल बांधायचा आणि टोलमधून हप्ते फेडायचे. याकडे पुरेसं लक्ष गेलं नाही असं वाटतं, आणि मला त्याचीच सर्वाधिक हळहळ वाटते. नोएडा प्राधिकरणाचा मुख्य व्यवसायच जमीन विकसित करून विकण्याचा. दिल्लीपासूनचं अंतर वेळेत मोजलं तर पूल झाल्यावर ते घटणार, आणि भूखंडांचे भाव चढणार. म्हणजे पुलाचा मोठा फायदा टोलनाक्याच्या गल्ल्यात नव्हे, प्राधिकरणाच्या स्वतःच्या जमिनीत येणार होता. त्या फायद्याचा काही भाग पुलाकडे वळवणं अशक्य नव्हतं.

तिसरा, सरळ ‘बांधा, वापरा, हस्तांतरित करा’. मुदत ठरलेली, टोलचे दर ठरलेले, निविदेत जो कमी मागेल त्याला काम. नफा झाला तर त्याचा, बुडाला तर तोच.

चौथा पर्याय ब्रिटनमध्ये तेव्हा प्रत्यक्षात आला होता. लंडनजवळच्या डार्टफर्ड इथे थेम्सवर खासगी पैशाने नवा पूल झाला, १९९१ मध्ये सुरू झाला. तिथला करार जास्तीत जास्त वीस वर्षांचा, पण कर्ज आधी फिटलं तर करार आधीच संपणार. तो २००३ पर्यंत संपलाही. (टोल मात्र संपला नाही. गर्दी आटोक्यात ठेवण्यासाठी सरकारनेच आकार चालू ठेवला. लोकांना ते आवडलं नाही, पण पैसा आता सरकारी तिजोरीत जात होता.) सेव्हर्न नदीवरच्या दुसऱ्या पुलाच्या बाबतीत तर टोलची एकूण रक्कमच महागाई वजा करून आधी ठरवली होती. तेवढी गोळा झाली की पूल सरकारचा. तो १९९६ मध्ये सुरू झाला, जानेवारी २०१८ मध्ये सरकारकडे आला आणि त्याच वर्षी डिसेंबरात टोल बंद झाला. या पद्धतीत गाड्या कमी आल्या तर मुदत लांबते, जास्त आल्या तर आखडते, पण वसुलीची रक्कम जागची हलत नाही.

निवड झाली ती पाचव्या पर्यायाची: ठरावीक परताव्याची हमी.

कराराचं गणित

करारातला गाभा तीन-चार वाक्यांत सांगता येतो. कंपनीला प्रकल्पाच्या ‘एकूण खर्चा’वर दरसाल वीस टक्के परतावा मिळायला हवा. टोलमधून देखभाल, चालवण्याचा खर्च आणि कर वजा करून जे उरेल त्यातून तो भागवायचा. एखाद्या वर्षी उरलेली रक्कम वीस टक्क्यांपेक्षा कमी पडली तर तूट ‘एकूण खर्चा’त मिळवायची. मोठ्या दुरुस्त्यांचा खर्चही त्यातच. तीस वर्षांत सगळं वसूल झालं नाही तर मुदत वाढवत राहायचं.

वाचताना हे फारसं भयंकर वाटत नाही. कागद-पेन्सिल घेतली की कळतं.

समजण्यासाठी गोल आकडे घेऊ. हे कंपनीच्या ताळेबंदातले नाहीत, फक्त सूत्र कसं चालतं ते दाखवायला आहेत. पूल ४०० कोटींचा. पहिल्या वर्षी खर्च वजा जाता टोलचे ३० कोटी उरले. वीस टक्क्यांनी मिळायला हवेत ८० कोटी. तूट ५० कोटी, ती खर्चात मिळवली. आता ‘एकूण खर्च’ ४५० कोटी. दुसऱ्या वर्षी उत्पन्न दहा टक्क्यांनी वाढून ३३ कोटी झालं, पण मिळायला हवेत ९० कोटी. तूट ५७ कोटी, खर्च ५०७ कोटी. उत्पन्न दरवर्षी दहा टक्क्यांनी वाढत राहिलं, म्हणजे पूल चांगला चालतो आहे असंच म्हणू, तरी पाचव्या वर्षाअखेर ‘एकूण खर्च’ ७३२ कोटी होतो. दहाव्या वर्षी सुमारे १,४०० कोटी. विसाव्या वर्षी ५,८५० कोटी. तिसाव्या वर्षाअखेर जवळजवळ २९,००० कोटी.

या तीस वर्षांत लोकांनी खर्च वजा जाता ४,९३५ कोटी रुपये भरलेले असतात. म्हणजे पुलाच्या किमतीच्या बारा पट. आणि कागदावर त्यांच्याकडून अजून २९,००० कोटी यायचे असतात, तेव्हा वर्षाचं उत्पन्न असतं पावणेपाचशे कोटी. मुदतीचा अंत कधीच येत नाही. मुद्दल राहतं बाजूला आणि व्याजावर व्याज चढत जातं, ते सावकाराच्या वहीसारखं.

सूत्राचा आणखी एक परिणाम सहज नजरेत येत नाही. चालवण्याचा खर्च आधी वजा होत असल्यामुळे कंपनीने कार्यालयावर, पगारांवर, सल्लागारांवर एक रुपया जास्त खर्च केला तर तूट एका रुपयाने वाढते, आणि त्या रुपयावर पुढे दरसाल वीस टक्के चढतात. काटकसर केली तर कंपनीला विशेष फायदा नाही, उधळपट्टी केली तर तोटा नाही. खासगी क्षेत्र कार्यक्षम असतं असं आपण म्हणतो. ते खरं ठरतं ते स्वतःचा पैसा पणाला लागलेला असतो म्हणून. इथे ती धारच बोथट करून टाकली होती. हिशेब तपासायला स्वतंत्र लेखापरीक्षक आणि स्वतंत्र अभियंता नेमायची तरतूद होती खरी, पण त्यांचं काम सूत्र बरोबर लावलं का हे पाहण्याचं. सूत्रच बरोबर आहे का, हे विचारण्याचं काम कोणाकडेच नव्हतं.

आता दुसऱ्या पर्यायाला तेच आकडे लावून पाहू. प्राधिकरणाने ४०० कोटींचं कर्ज बारा टक्क्यांनी, वीस वर्षांच्या समान हप्त्यांनी काढलं असतं तर वर्षाचा हप्ता सुमारे साडेत्रेपन्न कोटी. पहिल्या वर्षी टोलचे ३० कोटी, म्हणजे साडेतेवीस कोटी पदरचे घालावे लागले असते. मग वीस, मग सतरा, असं कमी होत सातव्या वर्षी हिशेब जुळला असता. सात वर्षांत मिळून पदरचे सुमारे ९० कोटी गेले असते आणि वीस वर्षांत पूल कर्जमुक्त झाला असता. यात बांधकाम रखडण्याची, खर्च वाढण्याची जोखीम सरकारवर आली असती, ती धरायलाच हवी. सरकारी कामं रखडतात हे खोटं नाही. तरी ती जोखीम दुप्पट धरली, तिप्पट धरली, तरी २९,००० कोटींच्या जवळपास पोचत नाही.

पूल सुरू झाल्यावर

बांधकाम चोख झालं, मुदतीआधी झालं. हे कंपनीच्या बाजूने ठणकावून सांगायला हवं. रस्ता गुळगुळीत, वळणं सुरक्षित, दिवे चालू. ज्यांनी तो रोज वापरला ते आजही त्याची तारीफ करतात.

पहिल्या काही वर्षांत गाड्या मात्र अंदाजापेक्षा बऱ्याच कमी आल्या. फुकटचे दोन रस्ते शेजारी होतेच. कंपनीला कर्ज झेपेना, आणि कर्जदात्यांनी त्याची फेररचना करून दिली. माझ्या मते या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा हुकलेला क्षण हाच. बँका टेबलावर आल्या होत्या, कंपनी अडचणीत होती, वाटाघाटीची हीच वेळ होती. प्राधिकरणाने तेव्हा म्हणायला हवं होतं की तुम्हाला सावरायला मदत करू, पण वीस टक्क्यांची साखळी तोडा. तसं काही झालं नाही. बँकांनी आपल्या कर्जाची काळजी घेतली, लोकांच्या वतीने बोलणारं कोणी नव्हतं. सूत्र तसंच राहिलं, आणि सुरुवातीच्या वाईट वर्षांची तूट पुढच्या चांगल्या वर्षांच्या डोक्यावर बसली.

पुढे नोएडा वाढलं, मयूर विहारकडचा जोडरस्ता झाला, गाड्या वाढल्या. गर्दीच्या वेळी नाक्यावर रांगा लागू लागल्या. वेळ वाचवायला पैसे भरायचे आणि पैसे भरायलाच रांगेत उभं राहायचं, ही चीड तिथून सुरू झाली. २०१६ मध्ये मोटारीला एका फेरीचे २८ रुपये पडत. सवलतीचा पास नसेल तर महिन्याला पंचवीस दिवस ये-जा करणाऱ्याचे १,४०० रुपये. ज्याची मोटार आहे त्याला ही रक्कम परवडते असं म्हणणारे होते. पण रहिवाशांचा प्रश्न परवडण्याचा नव्हता. ‘अजून किती द्यायचे आहेत?’ असं ते विचारत होते, आणि ती रक्कम दरवर्षी मोठी होत होती.

न्यायालयात

२०१२ मध्ये नोएडातल्या रहिवासी संघटनांच्या महासंघाने जनहित याचिका दाखल केली. त्यांनी कराराचं गणित न्यायालयापुढे ठेवलं, हे विशेष. याच सुमारास आपल्या कोल्हापुरात शहरांतर्गत रस्त्यांच्या टोलविरोधात लोक रस्त्यावर उतरले होते. तिथे जानेवारी २०१४ मध्ये नाके पेटले, आणि शेवटी सरकारने टोल रद्द करून कंत्राटदाराला भरपाई द्यायचं ठरवलं. म्हणजे नाक्यावरचा भार करदात्यावर गेला, संपला नाही. नोएडाच्या लोकांनी निवडलेली वाट रेंगाळणारी होती, पण तिने करारालाच हात घातला.

कंपनीची बाजू कमकुवत नव्हती. कोणी पुढे येत नव्हतं तेव्हा आम्ही पैसा घातला, दोन राज्यांनी मान्य केलेला करार आहे, भागधारकांनी त्यावर विश्वास ठेवून शेअर घेतले, आता वीस वर्षांनी नियम बदलले तर यापुढे पायाभूत कामांत कोण पैसा घालेल? हा शेवटचा प्रश्न खरोखर गंभीर आहे. करार मोडता येतो अशी सवय सरकारांना लागली तर पुढचा प्रत्येक कर्जदाता जास्त व्याज मागेल, आणि ते पुन्हा लोकांनाच भरावं लागेल.

उच्च न्यायालयाने याचं भान ठेवलं. संपूर्ण करार फेकून न देता परताव्याचं सूत्र आणि त्यावर उभी असलेली टोलवसुली एवढंच त्यातून वेगळं काढून रद्द केलं. ज्या सूत्राने वसुली कधीच पूर्ण होणार नाही, ते टिकू शकत नाही, अशी निकालाची दिशा होती. त्याच संध्याकाळी नाक्याचे दांडे वर गेले. कंपनी सर्वोच्च न्यायालयात गेली. तिथे स्थगिती मिळाली नाही. न्यायालयाने देशाच्या महालेखापरीक्षकांना (‘कॅग’) हिशेब तपासायला सांगितलं.

अंतिम निकाल यायला २० डिसेंबर २०२४ उजाडावं लागलं. सर्वोच्च न्यायालयाने अपील फेटाळलं. काम निविदेविना दिलं गेलं, टोल आकारण्याचे अधिकार कंपनीला देताना प्राधिकरणाने आपली मर्यादा ओलांडली, कंपनीने खर्च आणि भरपूर नफा केव्हाच वसूल केला आहे, आता लोकांकडून आणखी घ्यायला आधार नाही, असा निकालाचा आशय.

परिणाम

प्रवाशांचा टोल २०१६ पासून वाचला. नाक्यावरचा खोळंबा संपला, पण फुकट झाल्यावर गाड्याही वाढल्या आणि दिल्लीच्या टोकाला आश्रम चौकातली कोंडी जास्त जाणवू लागली. टोलचा दुसरा उपयोग गर्दी विभागण्याचा असतो, तो इथे निघून गेला.

कंपनीचं मुख्य उत्पन्न एका दिवसात थांबलं. उरलं ते मुख्यतः जाहिरात फलकांचं. प्रवर्तक वित्तसंस्था २०१८ मध्ये वेगळ्याच कारणांनी, स्वतःच्या अवाढव्य कर्जाखाली कोसळली. ज्या छोट्या गुंतवणूकदारांनी टोल तीस वर्षं चालेल या भरवशावर शेअर घेतले, ते पोळले. त्यांच्याबद्दल कोणी फारसं बोलत नाही. त्यांनी सूत्र लिहिलं नव्हतं, मंजूरही केलं नव्हतं.

देशातल्या रस्त्यांच्या करारांची धाटणी दरम्यान बदलली होती. २०१६ पासून राष्ट्रीय महामार्गांवर ‘हायब्रिड अॅन्युइटी’ची पद्धत रूढ झाली. बांधकामाच्या काळात खर्चाचे ४० टक्के सरकार देतं, उरलेले ६० टक्के कंत्राटदार उभे करतो आणि सरकार ते साधारण पंधरा वर्षांत हप्त्यांनी परत करतं. टोल सरकारकडे जातो. वाहतूक कमी आली तर तोटा सरकारचा, आणि ते पहिल्या दिवसापासून उघड असतं, अर्थसंकल्पात दिसतं. मुंबईच्या पारबंदर पुलाला खासगी भागीदारीच्या निविदेत २०१३ मध्ये कोणी बोलीच लावली नाही. तो शेवटी सरकारी यंत्रणेने जपानी कर्जावर बांधला आणि जानेवारी २०२४ मध्ये सुरू केला. टोल तिथेही आहे. पण कर्ज किती, व्याज किती, ते कधी फिटणार, हे विचारायला समोर एक सार्वजनिक संस्था आहे.

वेगळं काय करता आलं असतं

१९९२ मध्ये निविदा नको, असं ठरवण्यामागे कारण दिलं जातं की बोली लावणारं कोणी नव्हतंच. हे १९९२ ला लागू पडेल. पण करार झाला १९९७ मध्ये. मधल्या पाच वर्षांत कायदा बदलला होता, परदेशी अनुभव उपलब्ध होता. तेव्हा एकदा बाजारात विचारून पाहायला हवं होतं. एकानेही बोली लावली नसती तरी ‘किमान किती परताव्यावर कोणी येईल’ हा आकडा हाती आला असता, आणि वीस टक्के जास्त की कमी हे ताडून पाहता आलं असतं. १९९८ मध्ये चिलीने सँतियागो ते वालपराइसो महामार्ग देताना बोलीच वेगळी मागवली: तुम्हाला टोलमधून आजच्या किमतीत एकूण किती रक्कम हवी, ते सांगा. सर्वांत कमी मागणाऱ्याला काम, आणि तेवढी जमली की करार संपला.

हमी द्यायचीच होती तर तिला वरून झाकण हवं होतं. ‘तूट खर्चात मिळवा’ या वाक्यापुढे ‘पण मूळ खर्चाच्या अमुक पटीहून जास्त नाही’ एवढे शब्द असते, तरी पुढची सगळी कोर्टबाजी टळली असती. किंवा तुटीवर वीस टक्क्यांऐवजी सरकारी रोख्यांइतकं व्याज. परतावा जोखमीचा मोबदला असतो. जोखीमच काढून घेतली तर मोबदलाही त्या मानाने उतरायला हवा. हे इतकं साधं असूनही मंजुरीच्या इतक्या टप्प्यांवर कोणाच्या ध्यानात आलं नाही, की आलं आणि कोणी बोललं नाही, हे मला आजही उमगत नाही. सूत्रात एकदा तीस वर्षांचे आकडे घालून पाहिले असते तर अर्ध्या तासात चित्र समोर आलं असतं.

वार्षिक हिशेब नाक्यावर लावायला हवा होता. या वर्षी किती गाड्या, किती वसुली, किती खर्च, किती बाकी: चार ओळी. रहिवाशांना हे आकडे मिळवायला धडपडावं लागलं. ते पहिल्या वर्षापासून फलकावर असते तर बाकी वाढते आहे हे २००३-०४ मध्येच कोणीतरी ओरडून सांगितलं असतं, आणि तेव्हा दुरुस्ती स्वस्तात झाली असती.

राहता राहिली देखभाल. पुलाचे सांधे, खांबांवरची बेअरिंग, डांबराचा थर यांना दर काही वर्षांनी मोठा खर्च लागतो, टोल चालू असो वा बंद. करारात देखभाल टोलच्या उत्पन्नावर टांगलेली होती, त्यामुळे टोल थांबताच तिचा आधार गेला. डार्टफर्डच्या आणि सेव्हर्नच्या करारांत काय वसूल झालं की पूल कोणाकडे जाणार हे आधीच लिहिलेलं होतं. इथे मुदत संपण्याची कल्पनाच सूत्रात नसल्यामुळे हस्तांतराची तयारी कोणी केली नव्हती. दोन राज्यांच्या यंत्रणा आणि टोलविना उरलेली कंपनी यांच्यात पुढच्या दुरुस्त्यांचा खर्च कोणी, कोणत्या निधीतून करायचा, हे ठरवायचं काम निकालानंतर उरलं. करार लिहिताना दोन परिच्छेदांत आटोपलं असतं, असं ते काम आहे.